किचनच्या जुन्या शटरना स्प्रेचा रंग : गन हातात घेण्याआधीचं काम

ट्रॉल्या दहा-बारा वर्षांच्या झाल्या की घरात हमखास विषय निघतो, "सगळं काढून नवीनच करू या का?" आतला सांगाडा ठणठणीत असतो, चॅनेल बिनतक्रार चालत असतात. शटरांचा रंग मात्र विटलेला असतो, सनमायका पिवळट पडलेला असतो आणि शेगडीशेजारचं शटर हाताला चिकटत असतं. अशा किचनला गाडीला मारतात तसा गनने पीयूचा (पॉलियुरेथेनचा) रंग मारून घेता येतो. काम नीट झालं तर पुढची बरीच वर्षं त्याकडे बघावं लागत नाही. नीट झालं नाही, तर सहा महिन्यांत हँडलभोवती पोपडे सुटतात.

सांगलीत मी हेच काम करतो. पोपडे सुटलेली शटरं दुरुस्तीला आली की दोष गनमध्ये किंवा रंगाच्या डब्यात क्वचितच सापडतो. तो रंगाच्या खाली असतो. म्हणून इथे गनपेक्षा धुण्या-घासण्याला जास्त जागा दिली आहे. काम स्वतः करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईलच, पण पॉलिशवाल्याला काम देणाऱ्यांनाही त्याच्याकडून काय काय करून घ्यायचं ते कळेल.

आधी वाजवून बघा

प्रत्येक शटर रंगवण्याच्या लायकीचं असतंच असं नाही. सिंकखालचं शटर उघडा आणि त्याच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवा. कड फुगलेली लागली, नखाने भुसा निघाला, तर आत पार्टिकल बोर्ड आहे आणि त्याने पाणी प्यायलेलं आहे. तो पुन्हा बसत नाही. तेवढं शटर सुताराकडून नवीन करून घ्या आणि बाकीच्यांबरोबर रंगवा. रंग लागल्यावर नवं-जुनं ओळखू येत नाही, हा या कामाचा मोठा फायदा.

प्लाय असेल तर बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, फडफडता आवाज आला तर थर सुटले आहेत किंवा सनमायका उचलला आहे. थोडाच उचलला असेल तर चिकटवून, शिकंजा लावून बसवता येतो.

गावभागात, सांगलीवाडीत किंवा नदीकडच्या इतर वस्तीत घर असेल तर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : हे किचन २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजलं होतं का? पुराचं पाणी ओसरल्यावर शटर उन्हात वाळवलेलं असतं आणि वरून छान दिसतं. पण कडांच्या फटीत बारीक गाळ बसलेला असतो आणि साध्या प्लायचा डिंक आतून सैल झालेला असतो. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय पाण्यातून बऱ्यापैकी वाचतो. आयएस ३०३ मधल्या साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) ग्रेडच्या प्लायचा भरवसा धरू नका. भिजलेल्या शटरांवर रंगाचे पैसे घालू नका, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, काम हातचं गेलं तरी.

वरचा थर कशाचा आहे तेही बघा. सनमायका, लाकूड, व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) या सगळ्यांवर रंग धरतो, फक्त तयारी वेगवेगळी. एमडीएफवर चिकटवलेला पीव्हीसीचा पापुद्रा कोपऱ्यांत सुटायला लागला असेल तर तो गरम हवेने पूर्ण सोलून काढा. अर्धवट सुटलेल्या पापुद्र्यावर रंग म्हणजे सुटणाऱ्या गोष्टीवर सुटणारी गोष्ट. ॲक्रिलिकच्या चकचकीत शटरांना मी हात लावत नाही. थिनर लागला की त्यात केसासारख्या चिरा पडण्याची भीती असते.

काढा, नंबर टाका

शटर जागेवर ठेवून रंगवायचा आग्रह धरू नका. बिजागरीभोवती रंग जमतो आणि कडा सुटून जातात. सगळी शटरं आणि ड्रॉवरचे दर्शनी भाग काढा. नंबर बिजागरीच्या वाटीच्या आत लिहा आणि त्यावर टेपचा तुकडा लावा. ही वाटी साधारण ३५ मिलिमीटर व्यासाची असते आणि तिथे रंग लागायची गरज नसते. बाहेर चिठ्ठी चिकटवली तर ती पहिल्या धुण्यातच जाते. तोच नंबर ट्रॉलीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहा. मोबाइलवर पूर्ण ओट्याचा फोटो काढून ठेवा.

स्क्रू प्रत्येक शटरचे वेगळ्या पुडीत. बिजागऱ्या गंजल्या असतील किंवा शटर आपोआप मिटत नसेल तर त्या आत्ताच बदला. नव्या रंगावर नंतर जुन्या बिजागरीचा स्क्रू घसरला की ओरखडा ठरलेला.

हँडल बदलणार असाल तर नवं हँडल भोकं बुजवण्याआधी विकत आणा. दोन भोकांमधलं अंतर बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं. जुन्या अंतराचं हँडल मिळालं तर बुजवायचं काम वाचतं. भोकं बुजवायचीच असतील तर दोन भाग मिसळून लावायची, गाडीच्या पत्र्याला वापरतात ती पॅटी घ्या. भिंतीची पुट्टी लाकडाला कधीही नको. ती ठिसूळ असते, शटर दोन वेळा आपटलं की गोल चीर दिसते. पॅटी वाळताना थोडी बसते, म्हणून किंचित वर ठेवायची आणि घासून सपाट करायची.

तेलाचा चिकटा

विश्रामबागेतल्या एका घरी काकू मला म्हणाल्या होत्या, "अहो, आम्ही रोज पुसतो, धुवायची काय गरज?" शटर खरंच चमकत होती. घासून, प्रायमर मारून झाल्यावर रंगाचा हात दिला आणि डोळ्यांदेखत रंग जागोजागी फाटायला लागला. मध्ये वाटीसारखे गोल खळगे, काठाला रंगाची कड. चौकशी केल्यावर कळलं की गाडीच्या डॅशबोर्डला लावतात तो चमक आणणारा स्प्रे त्या शटरांना मारत होत्या. त्यात सिलिकॉन असतं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि तिथे घासायला सुरुवात केली की ते कागदाबरोबर सगळीकडे पसरतं. सगळ्या शटरांचा रंग उतरवून मला काम पुन्हा करावं लागलं. विचारायला हवं होतं मी, आणि त्या दिवसापासून तो माझा पहिला प्रश्न असतो : पुसायला काय वापरता?

आपल्या स्वयंपाकात फोडणी रोज आहे. तेलाची वाफ शटरवर बसते, त्यावर पिठाची धूळ, त्यावर पुन्हा तेल. शेगडीच्या आजूबाजूला आणि वरच्या कपाटांच्या खालच्या कडेला हा थर सगळ्यांत जाड असतो. आधी घासलं तर हे तेल ओरखड्यांत दाबलं जातं, म्हणून क्रम पाळा : आधी धुणं, मग घासणं.

कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घाला, एक लिटरला एक मोठा चमचा पुरतो. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमची हँडलं आणि पट्ट्या आधीच काढलेल्या हव्यात, सोड्याने त्या काळ्या पडतात. स्पंज पिळून वापरा, पाणी ओतू नका. पाच मिनिटं ओलावा राहू द्या, मग भांड्याच्या मऊ घासणीने चोळा. खोबणी असतील तर जुना टूथब्रश. नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा, कारण सोड्याचा अंश राहिला तरी रंग बिघडतो. शटरं उभी करून रात्रभर वाळू द्या.

धुताना हळदीचे डाग लालसर झाले तर घाबरू नका. हळदीतला रंग सोड्यात तसाच बदलतो.

दुसऱ्या दिवशी थिनरचा हात. दोन पांढरे सुती कपडे घ्या, एक थिनरने ओला आणि एक कोरडा. ओल्याने पुसल्यावर थिनर उडायच्या आत कोरड्याने टिपा. थिनर जागेवरच उडू दिला तर विरघळलेलं तेल तिथेच परत बसतं. कपडा पिवळा पडला की टाकून द्या, नवीन घ्या. शेवटचा कपडा पांढरा राहीपर्यंत थांबायचं नाही. पीव्हीसी बोर्डाच्या शटरना मात्र थिनर लावू नका, ती मऊ पडतात. त्यांना साबणाचं पाणी आणि प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर.

घासणं

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. सनमायकाला १८० किंवा २२० नंबर पुरे. त्याची चमक मोडायची आहे, थर उडवायचा नाही. वरचा नक्षीचा थर अगदी पातळ असतो, त्याखाली तपकिरी कागदाचे थर असतात. तपकिरी दिसायला लागलं म्हणजे जास्त झालं. सगळा भाग एकसारखा मंद, पांढुरका दिसला पाहिजे. खिडकीसमोर तिरकं धरून बघा, जिथे चमक दिसेल तिथे रंग धरणार नाही. कोपरे आणि कडा हाताने घासा, मशीन तिथे खोल जातं.

घासून झाल्यावर ओल्या कपड्याने धूळ पुसा आणि त्या पाण्याकडे बघा. पाणी सपाट पसरलं तर शटर स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन आकसलं तर तिथे अजून तेल आहे, थिनरकडे परत जा.

जुन्या घरातली लाकडी कपाटं ऑइल पेंटची असतील तर ती कोरडी घासू नका. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक असते. पाण्याचा पेपर वापरून ओलं घासा, निघालेला चिखल पुसून पिशवीत बांधा, मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा.

प्रायमर, आणि एका शटरची परीक्षा

सनमायकावर दोन भागांचा (ऐन वेळी हार्डनर मिसळून वापरायचा), पकड घेणारा प्रायमर लागतो, इपॉक्सी किंवा पीयू. डब्यावर लॅमिनेटसाठी चालतो असं लिहिलेलं असलं पाहिजे. साधा वूड प्रायमर त्यावर नखाने निघतो. एमडीएफच्या कडा पाण्यासारखा प्रायमर पितात, त्यांना सपाट भागापेक्षा दोन हात जास्त द्या, मधे घासून. नाहीतर पुढून शटर गुळगुळीत आणि कडेला खरबरीत दिसतं.

सगळी शटरं एकदम रंगवायच्या आधी एका शटरच्या मागच्या बाजूला वीतभर जागेत प्रायमर आणि रंग मारून बघा. पाच-सात दिवस जाऊ द्या. मग धारदार ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा रेघा ओढा, त्यांवर आडव्या सहा, म्हणजे चौकडी होईल. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पुढे जा. पट्टीला रंग चिकटून आला तर प्रायमर बदला किंवा धुण्यापासून पुन्हा करा. आठवडा जातो हे खरं, पण मी तो कधी सोडत नाही. त्या आठवड्यात भोकं बुजवणं आणि नवीन शटरं करून घेणं उरकतं.

प्रायमर वाळल्यावर ३२० ने हलकं घासा. आता बारीक टोचे, सनमायकाच्या सांध्याची रेघ, सगळं दिसायला लागतं. ते बारीक लांबीने, म्हणजे खळगे भरायच्या लेपाने, भरून घ्या आणि तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर.

कुठे आणि कधी

शटरं टेम्पोत घालून वर्कशॉपला न्यावीत असं माझं ठाम मत आहे. घरात गन चालवली तर रंगाची धूळ देवघरापर्यंत पोचते. कुपवाड, मिरज भागात गाड्यांचं रंगकाम करणाऱ्यांकडे बंद खोली असते, लाकूडकाम करणारा कोणी ती भाड्याने घेत असेल तर उत्तम. ट्रॉलीचा सांगाडा आणि बाजूच्या पट्ट्या मात्र घरातच कराव्या लागतात. त्यांना वॉटर बेस्ड रंग फोमच्या छोट्या रोलरने दिला तर वास कमी राहतो. शेड शटरांशी जुळवून घ्या आणि आधी तुकड्यावर वाळवून बघा.

घरात गन वापरणारच असाल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बाहेर काढा, शेगडी, पायलट, देवाचा दिवा, फ्रीज, इन्व्हर्टर सगळं बंद. थिनरची वाफ पेट घेते आणि फ्रीज चालू होतानाची ठिणगीही पुरते.

हंगाम बघा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते. दोन भागांच्या पीयूमधला हार्डनर ओलाव्याशी क्रिया करतो आणि रंगात बारीक फुगे येतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर असेल तर वर पांढुरकी छटा चढते. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणीही पावसाळ्यात रोज सोडावं लागतं, ते गनमधून रंगात येतं. कोरड्या दिवसांना वेगळा त्रास आहे. ऊसतोड झालेल्या रानात पाचट पेटवतात आणि काळी काजळी उडत गावात येते. ओल्या पांढऱ्या रंगावर ती बसली की घासून पुन्हा हात देण्याशिवाय इलाज नाही. त्या दिवसांत दारं बंद करता येतील अशाच जागी काम करा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच रंग हवा असतो, तेव्हा वाळायला वेळ दिला जात नाही. मार्च ते मे मला सगळ्यांत बरे वाटतात.

गन

रंग आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, मापाने किंवा वजनकाट्यावर. अंदाजाने हार्डनर जास्त घातला तर रंग ठिसूळ होतो, कमी घातला तर चिकट राहतो. एका वेळी तासा-दोन तासांत संपेल तेवढाच कालवा, आणि गाळणीतून गाळून गनमध्ये घाला. प्रायमरला १.८ मिलिमीटरच्या आसपासचा नोझल, शेवटच्या रंगाला १.३ ते १.४. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन मिळाली तर तीच घ्या. तिच्या टोकाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत असतो, त्यामुळे रंग हवेत कमी उडतो आणि शटरवर जास्त बसतो.

शटर आडवं ठेवा, चार खिळ्यांच्या टोकांवर. मागची बाजू आधी, पुढची नंतर. दोन्ही बाजूंना सारखेच हात हवेत, एकाच बाजूला जाड रंग झाला तर शटर वाकडं होऊ शकतं. सुरुवात कडांपासून. मग सपाट भागावर गन एका वितीपेक्षा थोड्या कमी अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर. मनगट वळवू नका, पूर्ण हात शटरला समांतर न्या. गनचा घोडा शटरच्या बाहेर दाबा आणि पलीकडे बाहेर गेल्यावर सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा.

पहिला हात पातळ. खालचं थोडं दिसलं तरी चालेल, एकदम झाकायचा मोह झाला की ओघळ येतात. दोन हातांमधला वेळ डब्यावर असतो, बहुतेक पीयूला काही तास. त्यापेक्षा जास्त, म्हणजे दुसरा दिवस उजाडला, तर ४०० ने हलकं घासून मगच पुढचा हात. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला तर रंग जाड आहे किंवा गन लांब आहे. ओघळ आला तर ओल्यावर बोट लावू नका, पूर्ण वाळू द्या, ६०० ने सपाट करा आणि त्या शटरला पुन्हा हात द्या.

सुरक्षेबद्दल स्पष्ट सांगतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि त्याचा वास येऊन सावध होण्याइतकीही संधी मिळत नाही. रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही. बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क हाच खरा उपाय. तो आणि नीट हवा खेळणारी खोली नसेल तर घरच्या घरी दोन भागांचा पीयू मारू नका, काम तसं सोय असलेल्या माणसाकडे द्या. आमच्या व्यवसायात तरुण पोरं तोंडाला फडकं बांधून दिवसभर गन मारताना दिसतात. काम देणाऱ्याने एकदा विचारलं तरी फरक पडतो.

रंग आणि चमक

पूर्ण मॅट गडद रंगावर तेलकट बोटं उठून दिसतात. पूर्ण ग्लॉसमध्ये घासण्यातली प्रत्येक चूक दिसते. मधला सॅटिन मला किचनला योग्य वाटतो. आणि आपली सांगली म्हणजे हळदीचं गाव, सांगलीच्या हळदीला जीआय मानांकनही आहे. तिचा रंगही तसाच पक्का. शेगडीजवळ शुभ्र पांढरा घेण्याआधी विचार करा. डाग लगेच पुसला तर निघतो, उरलेला उन्हात फिका पडतो, पण शेगडीजवळ ऊन येतंच असं नाही. खाली मातकट किंवा हिरवट, वर फिका, अशी जोडी सोयीची.

भाव ठरवताना

चौरस फुटाचा भाव ऐकून तुलना करू नका, मोजमाप कसं ते विचारा. ३० बाय १८ इंचाचं शटर एका बाजूने ३.७५ चौरस फूट होतं. अशी १६ शटरं म्हणजे एका बाजूने ६० चौरस फूट, दोन्ही बाजूंनी १२०. एकाने पुढची बाजू धरून भाव सांगितलेला असतो, दुसऱ्याने दोन्ही, आणि स्वस्त-महाग भलतंच ठरतं. कागदावर लिहून घ्या : किती हात प्रायमर, किती हात रंग, कोणता प्रायमर, भोकं बुजवणं धरलं आहे का, ने-आण कोणाची, सांगाडा धरला आहे का. थोडी रक्कम शटरं बसवल्यानंतर आठ दिवसांनी द्यायची असं आधीच बोलून ठेवा. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही.

बसवताना आणि नंतर

शेवटच्या हातानंतर रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण तो पिकलेला नसतो. शटरं एकावर एक रचू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई आणि सुरकुत्या रंगात उमटतात. निदान तीन दिवस, जमल्यास आठवडा उभी ठेवा. बसवल्यावर शटर जिथे आपटतं तिथे पारदर्शक रबरी टिकल्या चिकटवा. पहिले दोन-तीन आठवडे फक्त ओल्या मऊ कपड्याने पुसा. नंतरही तारेची घासणी आणि पावडर नको, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात पुरतात. ओली फडकी शटरच्या कडेवर वाळत टाकायची सवय असेल तर त्यांच्यासाठी वेगळी दांडी लावा, कारण रंग सगळ्यांत आधी तिथेच सुटतो.

उरलेला रंग कारागिराकडून मागून घ्या. रंग आणि हार्डनर वेगवेगळ्या, काठोकाठ भरलेल्या छोट्या डब्यांत, झाकण घट्ट. हार्डनरला हवेतला ओलावा लागला की तो घट्ट होतो, म्हणून मोठ्या डब्याच्या तळाला थोडासा ठेवू नका. डब्यावर शेडचा नंबर आणि तारीख लिहून सिलिंडरपासून आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा.